वत्सगुल्माच्या मांडवातला कविराज

वाशिमला बालाजीच्या दर्शनाला किंवा पद्मतीर्थावर जाणाऱ्या भाविकाला हे गाव वत्सऋषींचे, एवढे ठाऊक असते. शाळेत इतिहास मन लावून वाचलेला असेल, तर वाकाटकांची एक राजधानी इथे होती हेही त्याला आठवते. पण या गावात लागलेल्या एका लग्नाची हकिकत फारशी कोणाला माहीत नसते. नवरा मुलगा प्रत्यक्ष सरस्वतीचा, नवरी पार्वतीने निर्माण केलेली. दोघांनी सारा देश पालथा घातला आणि अखेर विदर्भातल्या वत्सगुल्म नावाच्या नगरात, मदनदेवाच्या आवडत्या क्रीडास्थानी, गांधर्व विधीने ती एकमेकांची झाली. नवऱ्याचे नाव काव्यपुरुष, नवरीचे साहित्यविद्या. वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशिम, आणि ही हकिकत सुमारे अकराशे वर्षांपूर्वी लिहून ठेवणारा माणूस म्हणजे कविराज राजशेखर.

आता सरस्वतीच्या मुलाचे लग्न खरोखर लागले होते काय, असे विचारणारा एखादा चौकस वाचक निघेलच. राजशेखरालाही असे वाचक भेटले होते. कवी खोटे बोलतात, वाईट शिकवतात आणि असभ्य लिहितात, तेव्हा शहाण्याने काव्याच्या वाटेला जाऊ नये, असे सांगणारे सज्जन त्याच्या काळीही होते. त्यांच्या तिन्ही आरोपांना त्याने मुरलेल्या वकिलासारखे एकेक करून उत्तर दिले आहे. त्या उत्तराकडे पुढे येऊच. आधी माणसाची ओळख करून घेऊ. कारण वरून दिसणारा माणूस आणि आत दडलेला माणूस, या दोघांमधल्या अंतराचा एवढा नाद असलेला दुसरा लेखक आपल्या जुन्या वाङ्मयात क्वचितच सापडेल.

संस्कृत कवीचे चरित्र लिहायचे म्हणजे धुक्यात वाट शोधायची. कालिदासाने आपल्या नावापलीकडे काही सांगितले नाही. राजशेखर मात्र सांगतो, आणि भरभरून सांगतो. नाटकाच्या सुरुवातीला सूत्रधाराच्या तोंडून स्वतःची आणि घराण्याची थोरवी वदवून घेण्यात त्याला तिळमात्र संकोच नाही. घराणे यायावरांचे. पणजोबा अकालजलद, म्हणजे अवेळी आलेला मेघ. हा महाराष्ट्राचा चूडामणी होता, असे पणतू अभिमानाने नोंदवतो. वडील दुर्दुक हे महामंत्री, आई शीलवती. सुरानंद, तरल असे आणखी कवी याच कुळात होऊन गेले. वंश महाराष्ट्रातला आणि विदर्भाचे गुणगान तर जागोजागी, म्हणून महामहोपाध्याय वा. वि. मिराशींसारख्या संशोधकांनी त्याला विदर्भाचा मानले. विदर्भ ही सरस्वतीची जन्मभूमी असे म्हणणाऱ्या माणसाला आपण तरी परका कसा म्हणावे?

नशीब काढायला हा वैदर्भी मुलगा उत्तरेत गेला. कनोज ही तेव्हा गुर्जर-प्रतिहारांची राजधानी. तिथला राजा महेंद्रपाल याचा तो उपाध्याय झाला. या राजाचे इ. स. ९०३ आणि ९०७ चे उल्लेख सियाडोणीच्या शिलालेखात आहेत, त्यामुळे राजशेखराचा काळ निश्चित करायला पक्का खुंटा मिळतो. महेंद्रपालानंतर त्याचा मुलगा महीपाल याच्या दरबारातही त्याचे नाटक झाले. पुढे इ. स. ९१६ च्या सुमारास राष्ट्रकूटांचा तिसरा इंद्र कनोजवर चालून गेला आणि ती वैभवनगरी त्याने लुटली. दैवाची चेष्टा पाहा, कवीचे छत्र हिरावून नेणारा राजा त्याच्याच पूर्वजांच्या मुलखातून आलेला! राजशेखर आपल्याला नंतर भेटतो तो जबलपूरजवळच्या त्रिपुरीत, कलचुरी राजा पहिला युवराजदेव याच्या आश्रयाला. नवा राजा, नवे नाटक, पुन्हा सूत्रधार आणि पुन्हा कविराजांची थोरवी.

ही थोरवी कुठवर जाते? आधी वाल्मीकी, मग भर्तृमेंठ, मग भवभूती आणि आता राजशेखर, असा एकच कवी जन्म घेत आला आहे, हा त्याचा दावा. आधीचे जन्म निवडतानाही गृहस्थाने कसर ठेवलेली नाही. त्यातला भवभूती विदर्भातल्या पद्मपूरचा, आणि हे पद्मपूर आमगावजवळचे, असे मिराशींनी दाखवले आहे. आपल्या काव्यशास्त्रात राजशेखराने कवीच्या दहा पायऱ्या लावल्या आहेत. महाकवी ही त्यातली वरची पायरी, पण तिच्याहीवर कविराज. आणि कविराज ही पदवी कोणाला होती, हे वेगळे सांगायला नको. स्वतःच जिना बांधायचा आणि स्वतःच वरच्या पायरीवर जाऊन बसायचे. त्याचा राग येत नाही, हसू येते.

पण त्याच जिन्याच्या खालच्या पायऱ्यांवर त्याने ज्यांना बसवले आहे, ती माणसे पाहिली की हसू मावळते. एक हृदयकवी. हा मनातल्या मनात कविता करतो आणि ती कोणाला दिसू देत नाही. दुसरा अन्यापदेशी. हा आपली कविता वाचून दाखवतो खरा, पण लोक दोष काढतील या धास्तीने ती दुसऱ्याची म्हणून सांगतो. दुसरीकडे त्याने असूर्यंपश्य कवीची नोंद केली आहे, म्हणजे गुहेत किंवा तळघरात बसून लिहिणारा, ज्याला सूर्यही पाहू शकत नाही असा. कोणी चाकरीतून सवड मिळेल तेव्हाच लिहितो, कोणी एखादा प्रसंग असेल तरच. शिक्षकी पेशात, पोस्टात, तहसील कचेरीत उभे आयुष्य काढलेली आणि ट्रंकेच्या तळाशी कवितांची वही ठेवून गेलेली माणसे प्रत्येकाच्या नात्यात एखादे तरी असतेच. दरबारात मिरवणाऱ्या या बढाईखोर माणसाला ती ओळखीची होती. कोण जाणे, कनोजला जाण्यापूर्वीचा तरुण राजशेखर यांच्यातलाच असेल.

वाशिमच्या त्या लग्नाची गोष्ट त्याच्या काव्यमीमांसा या ग्रंथातली. सरस्वतीने मुलासाठी हिमालयात तप केले, ब्रह्मदेवाने वर दिला, मूल झाले आणि जन्मताच छंदात बोलू लागले. हा काव्यपुरुष. पुढे देव आणि ब्रह्मर्षी यांच्यात वेदावरून वाद झाला आणि निवाडा करायला सरस्वतीला ब्रह्मलोकी जावे लागले. मुलगा मागे लागला, आईने परत पाठवले, तो रुसून घर सोडून निघाला. त्याचा मित्र कार्तिकेय रडू लागला. तेव्हा पार्वतीने विचार केला की, प्रेमासारखे दुसरे बंधन नाही. तिने साहित्यविद्या ही वधू निर्माण केली आणि त्या रुसलेल्या मुलाच्या मागे धाडली. अशी ही मानभावी सासू-आईंची सोयरीक.

मग प्रवास सुरू होतो. पूर्वेकडे गेल्यावर वधूने तिकडच्या बायकांसारखा भांगाला टेकणारा पदर घेतला, तिकडचे नाच केले, तरी तो वळून पाहीना. त्या घुश्शात त्याची भाषा लांबलचक समासांची, ताठर झाली, ती गौडी रीती. पांचालात तिने झुलती कर्णभूषणे आणि नाभीपर्यंत रुळणारे हार घातले. तो थोडा विरघळला आणि भाषाही थोडी सैल झाली, ती पांचाली. दक्षिणेत येईपर्यंत राग पुरता गेला होता. आता त्याच्या तोंडून सोपी, गोड, कानाला सुखावणारी भाषा आली. ती वैदर्भी. आणि मग वत्सगुल्माला लग्न.

गोष्ट पोरखेळासारखी वाटते, पण तिच्यात राजशेखराचा मोठा विचार आहे. बाहेरचा वेष हा वरवरचा, फसवा, त्याकडे लक्ष देऊ नये, असे सांगणारे पुष्कळ. राजशेखर वेषाची हेटाळणी करत नाही. प्रदेशाचा पेहराव, त्याची चालरीत आणि त्याची भाषा या गोष्टी एकमेकींना घडवतात, हे त्याला दिसले होते. नेसण्यातला बदल मुलाच्या वाक्यरचनेपर्यंत पोचतो, ही त्याची कल्पना आजच्या भाषातज्ज्ञालाही गंमतीची वाटावी. माणूस आतून कसा आहे ते वरून कळत नाही, हे खरेच. पण वरचेही काही आतून येते आणि वरून काही आत झिरपते, हेही त्याला तितकेच खरे वाटे.

लग्नासाठी त्याने नेमके वाशिमच का निवडले असेल? त्याच्या आधी पाचशेहून अधिक वर्षे या नगराची वाङ्मयीन कीर्ती होती. पहिल्या प्रवरसेनाचा मुलगा सर्वसेन याने इथे वाकाटकांची स्वतंत्र गादी स्थापन केली. तो स्वतः कवी होता. श्रीकृष्णाने सत्यभामेसाठी पारिजात आणला, त्या कथेवर त्याने हरिविजय नावाचे प्राकृत काव्य रचले. काश्मीरच्या आनंदवर्धनाने त्याचे नाव आदराने घेतले आहे. ते काव्य आज मिळत नाही. याच वंशाच्या विंध्यशक्ती राजाचा ताम्रपट १९३९ साली वाशिमलाच सापडला, वत्सगुल्माहून दिलेला, काही भाग संस्कृतात आणि काही प्राकृतात. अजिंठ्यात लेणी खोदवणारे हरिषेणाच्या काळचे लोक याच गादीचे. वैदर्भी रीतीला तर या नगरावरून वच्छोमी असेही म्हणत. राजशेखरानेच कर्पूरमंजरी या नाटकाच्या आरंभी तो शब्द वापरला आहे. वत्सगुल्माचे प्राकृत रूप वच्छोम. एका भाषाशैलीला नाव देणारे गाव, असा मान किती गावांना मिळतो?

आणि कर्पूरमंजरीची नायिका? तीही इथलीच. हे नाटक सगळेच्या सगळे प्राकृतात आहे. संस्कृत पुरुषासारखे राकट आणि प्राकृत स्त्रीसारखे मऊ, असे राजशेखराचे मत. ते करवून घेतले त्याच्या पत्नीने, चाहमान, म्हणजे चौहान कुळातल्या अवंतीसुंदरीने. तिच्याबद्दल पुढे पुष्कळ सांगायचे आहे. नाटकात राजा चंडपालाच्या दरबारी भैरवानंद नावाचा एक मांत्रिक येतो. दारू प्यालेला, मंत्र नको, ध्यान नको, मद्यमांस खाऊनपिऊनही मोक्ष मिळतो म्हणणारा. कोणत्याही सभ्य घरात ज्याला उंबऱ्याबाहेर उभे करतील असा. तो म्हणतो, सांगाल तो चमत्कार करतो. विदूषक सुचवतो की, दक्षिणापथात वच्छोम नावाचे नगर आहे, तिथे एक मुलगी पाहिली होती, ती आणा. आणि क्षणात ती मुलगी दरबारात उभी, अंघोळ करता करता उचलून आणलेली, ओलेत्या केसांनी. ही कर्पूरमंजरी. ती राणीची मावसबहीण निघते आणि राणी तिला मायेने ठेवून घेते.

पुढचे कळायला ज्योतिषी नको. राजा तिच्यावर भाळतो, राणीला कळते, मुलीवर पहारा बसतो. मग भुयार खणले जाते. शेवटी तो भैरवानंदच राणीचा गुरू होऊन गुरुदक्षिणा मागतो: लाट देशाच्या राजकन्येशी, घनसारमंजरीशी, राजाचे लग्न लावून द्या, तिचा नवरा चक्रवर्ती होणार आहे. राणी कबूल होते. आता घनसार म्हणजेही कापूर आणि कर्पूर म्हणजेही कापूर. नाव बदलले, अर्थ तोच राहिला आणि मुलगीही तीच. राणीला लग्नाच्या जागी कर्पूरमंजरी दिसते, तिला संशय येतो, ती धावत कोठडीत जाऊन पाहते, तर भुयारातून पोचलेली कर्पूरमंजरी तिथे दुखणाईत होऊन पडलेली! राणी परत येते, तर मुलगी तिच्याआधी मांडवात हजर. प्रेक्षक हसून लोळत असतील.

पण आज हे नाटक वाचताना राणी विभ्रमलेखेची बाजू मनातून जात नाही. तिच्याच घरात, तिच्याच गुरूने, तिच्याच नवऱ्यासाठी तिला फसवले, आणि फसवण्यासाठी तिच्या श्रद्धेचाच उपयोग केला. ओळख न देणाऱ्या त्या मांत्रिकाला वेषावरून नाकारणारा प्रेक्षक आधी चुकतो, कारण शब्द पाळणारा तोच असतो. पण त्याच्या करामतीवर भुलणारा प्रेक्षकही चुकत नाही काय? राजशेखर राणीच्या वाट्याला एकही आसू देत नाही. दरबारी कवी होता तो. राजाला हसवायचे होते. इथे तो भवभूतीचा पुनर्जन्म शोभत नाही. भवभूतीने सीतेच्या दुःखावर दगडालाही रडवले होते.

मात्र याच नाटकात त्याने एक खुबीदार प्रसंग घातला आहे. ब्राह्मण विदूषक कपिंजल आणि राणीची दासी विचक्षणा यांच्यात कवितेवरून जुंपते. विदूषकाला आपल्या कुळाचा कोण अभिमान! तो वसंतावर काव्य म्हणतो, त्यात शिजल्या भाताच्या उपमा. दासी म्हणते ती मात्र खरी कविता. राजा भर सभेत निकाल तिच्या बाजूने देतो आणि विदूषक फणकाऱ्याने निघून जातो. जानवे, शेंडी, पिढीजात विद्या एकीकडे आणि चवरी ढाळणारी बाई दुसरीकडे, आणि प्रतिभा कुठे निघाली? हा नुसता विनोद नव्हता, याचा पुरावा त्याच्या शास्त्रग्रंथात आहे. पुरुषांप्रमाणे स्त्रियाही कवी होऊ शकतात, असे त्याने तिथे स्वच्छ लिहिले आहे. कारण संस्कार आत्म्याला चिकटलेला असतो, बाईपण-पुरुषपण तो पाहत नाही. राजकन्या, मंत्रिकन्या, गणिका, अगदी खेळ करणाऱ्यांच्या बायकाही शास्त्र जाणणाऱ्या आणि कवी झालेल्या दिसतात, हेही तो नोंदवतो. दहाव्या शतकाच्या तोंडाशी हे लिहिलेले आहे.

त्रिपुरीत झालेले विद्धशालभंजिका हे नाटक तर सगळे वेषांतरावरच उभे आहे. लाटराजा चंद्रवर्म्याला मुलगा नाही, म्हणून मृगांकावली या मुलीला तो मुलगा म्हणून वाढवतो आणि त्याच नावाने राजा विद्याधरमल्लाच्या दरबारी ठेवतो. मंत्र्याला खरे ठाऊक, राणीला नाही. राणी नवऱ्याची फजिती करायची ठरवते. या मुलाला नवरीचा वेष चढवून राजाशी त्याचे खोटे लग्न लावून देते. मुलीला मुलगा केले, मुलाला नवरी केले, आणि खोटे म्हणून लावलेले लग्न खरे ठरले! शेक्सपिअरची मुलाचा वेष घेतलेली व्हायोला रंगभूमीवर यायला अजून सातशे वर्षे होती. आपल्या आजोबांच्या पिढीने बालगंधर्वांना भामिनी आणि सिंधू म्हणून पाहिले, तेव्हा शालूतला पुरुष त्यांना ठाऊक होता आणि तरी डोळे पुसले जात होते. वेष खोटा हे माहीत असूनही त्यातून खरे पोचते, ही रंगभूमीची जुनीच करणी आहे. राजशेखराने तिच्यावर आणखी एक घडी घातली. हर्षाच्या रत्नावलीची छाया या दोन्ही नाटकांवर दाट आहे, हे मात्र झाकता येत नाही.

आता रामायणाकडे वळू, कारण खरा पेच तिथे आहे. बालरामायण हे त्याचे दहा अंकांचे अवाढव्य नाटक. एका अंकात रावण सीतास्वयंवराचे नाटक बघायला बसतो आणि समोर चाललेले खरेच समजून खवळतो. पुढे त्याच्या विरहावर उपाय म्हणून सीतेची यांत्रिक बाहुली करतात आणि तिच्या तोंडात बोलकी साळुंकी ठेवतात. लंकेचा स्वामी त्या बाहुलीशी प्रेमालाप करतो, हात लावल्यावर भानावर येतो. दहा तोंडांचा, वीस डोळ्यांचा माणूस, आणि एका बाहुलीने फसला. हा विनोद फार वरच्या दर्जाचा आहे. दिसते तेच असते, असे मानणाऱ्याची गत राजशेखराने याहून नेमकी कुठे रंगवलेली नाही.

पण मग येतो सहावा अंक. रामाला वनवास कोणी दिला? कैकेयीने मागितला, दशरथाने दिला, हे आपल्याला आजीच्या मांडीवर कळलेले असते. राजशेखर सांगतो, नाही. दशरथ आणि कैकेयी इंद्राच्या भेटीला गेले होते. मागे शूर्पणखेने कैकेयीचे रूप घेतले, मायामय राक्षसाने दशरथाचे, आणि त्या तोतयांनी रामाला घालवले. खरे दोघे परत आले तेव्हा सगळे होऊन गेले होते. दशरथ निर्दोष, कैकेयीही निर्दोष. भवभूतीनेही आधी असाच मार्ग काढला होता; त्याच्या नाटकात शूर्पणखा मंथरेचे रूप घेऊन येते.

कशासाठी हा खटाटोप? भल्या माणसांच्या हातून वाईट घडावे हे या कवींना सोसत नव्हते, म्हणून त्यांनी वाईटाला वेगळे अंग दिले. आत दडलेली दुसरी कैकेयी बाहेर काढली आणि तिला शूर्पणखा हे नाव दिले. सोय झाली खरी. पण वाल्मीकीची कैकेयी याहून फार मोठी आहे. रामावर पोटच्या पोराइतके प्रेम करणारी बाई एका रात्रीत तशी होते आणि ती होते तेव्हाही ती कैकेयीच असते. आपल्या घरात वाटण्यांच्या वेळी शहाणीसुरती माणसे कशी बदलतात, ते ज्याने पाहिले आहे, त्याला वाल्मीकी पटतो. राजशेखराचे नाटक वाचून दिलासा मिळतो, भीती वाटत नाही. वाल्मीकीचा पुनर्जन्म म्हणवणाऱ्याने पहिल्या जन्मीचे एवढे मोठे धन का टाकून द्यावे?

नवल असे की, नाटकात कचरलेला हाच माणूस शास्त्रात कचरत नाही. सुरुवातीला म्हटलेले ते तीन आरोप इथे येतात. काव्य खोटे? तो म्हणतो, ते खोटे नव्हे, स्तुतीसाठी वाढवून सांगणे आहे. वेदातही ते आहे, शास्त्रातही आहे, व्यवहारातही आहे. काव्य असभ्य? प्रसंगाला लागेल तिथे तसे लिहावे लागते, तेही वेदशास्त्रांत सापडते. काव्य वाईट शिकवते? याचे उदाहरण म्हणून त्याने निवडलेला श्लोक भलताच धीट आहे. एक पिकलेली गणिका पोरीला झापते आहे, का, तर पोर एकाच पुरुषाशी एकनिष्ठ राहू लागली आहे आणि आपल्या कुळाला पातिव्रत्याचा कलंक आजवर कधी लागला नव्हता! राजशेखर म्हणतो, यात उपदेश आहे खरा, पण तो टाळण्यासाठी आहे, आचरण्यासाठी नाही. वाईट माणसाला त्याच्याच तोंडाने बोलू द्यावे. ऐकणारा ते ओळखतो. वाचकावर एवढा विश्वास टाकणारा शास्त्रकार विरळा. आपल्याकडे घाशीराम कोतवाल आणि सखाराम बाइंडर या नाटकांवर १९७० नंतरच्या वर्षांत जे वादळ उठले, त्यातले आरोप याच तीन खणांत बसतात.

ऐकणाऱ्याची जात कशी असते, हेही त्याने पारखले आहे. एक अरोचकी, याला काहीच रुचत नाही. दुसरा भाताबरोबर गवतही खाणारा, याला सगळेच गोड. तिसरा मत्सरी. याला चांगले दिसते, पण तो बोलत नाही; दिसूनही न दिसल्यासारखे करतो. चौथा तत्त्वाभिनिवेशी, शब्द तोलून आतला रस ओळखणारा. तो हजारात एखादाच. यातला तिसरा माणूस सर्वांत घातकी, आणि वरून तोच सर्वांत सभ्य दिसतो.

चोरांकडे तर राजशेखराने तीन अध्याय दिले आहेत, अर्थात वाङ्मयचोरांकडे. व्यापारी आणि कवी यांत चोर नाही असा कोणी नाही, लपवता ज्याला आले तो सुखाने नांदतो, असे त्याचे निर्ढावलेले मत. नवी कविता एकट्या माणसापुढे वाचू नये, हा सल्लाही त्याचाच. तो आपली म्हणून सांगू लागला तर साक्षीला कोण?

याच प्रकरणात अवंतीसुंदरी बोलते. काव्यमीमांसेत तिची मते तीनदा आली आहेत, आणि तीही थोरथोर आचार्यांच्या पंक्तीत, नावानिशी. चोरी करणारा मनाशी काय काय सबबी रचतो, ते तिने मोजून दाखवले आहे. तो अप्रसिद्ध, मी प्रसिद्ध. त्याचे काव्य कोणी वाचत नाही, माझे वाचतात. त्याची भाषा वेगळी, तो दूरदेशीचा. नवऱ्याने चोरीचे प्रकार लावले, बायकोने चोराचे मन उघडले. दुसऱ्या ठिकाणी ती वामनपंथी पंडितांना खोडते: एकही शब्द बदलता येऊ नये ही परिपक्वता नव्हे, मोठे कवी एकच गोष्ट अनेक तऱ्हांनी सांगतात आणि त्या सगळ्या पिकलेल्या असतात. आणि तिसरे मत तर या सगळ्या लेखाच्या मुळाशी असलेले. वस्तूचा स्वभाव एकच ठरलेला नसतो, ती पाहणाऱ्याप्रमाणे आणि सांगणाऱ्याप्रमाणे पालटते. स्तुती करणारा चंद्राला अमृतांशू म्हणतो, निंदा करणारा त्यालाच दोषाकर. मग खरा चंद्र कोणता, हा प्रश्न तिने निकालात काढला नाही, सांगणाऱ्याच्या चातुर्यावर सोडला.

 चार जन्मांची वंशावळ मिरवणारा माणूस घरातल्या बाईचे ऐकत होता, तिचे म्हणणे तिच्या नावावर टाकत होता, आणि तेही चोरीवरच्या प्रकरणात! राजशेखराचे खरे रूप शोधायचे तर दरबारी प्रस्तावना बाजूला ठेवून ही तीन ठिकाणे वाचावीत, असे वाटते.

काव्यमीमांसा अठरा भागांची योजलेली होती. आज हाती आहे तो पहिलाच भाग, कविरहस्य. तोही गुजरात-राजस्थानच्या जैन भांडारांनी जपला, आणि १९१६ साली बडोद्याच्या गायकवाड प्राच्यमालेचा पहिला ग्रंथ म्हणून चिमणलाल दलाल व अनंतकृष्ण शास्त्री यांनी तो छापला. ग्रंथ कशाकशाने नष्ट होतात, याची यादी राजशेखराने या भागात दिली आहे: गहाण पडणे, विकले जाणे, दान होणे, लेखकाने देश सोडणे, अल्पायुष्य, आग, पाणी. म्हणून प्रती पुष्कळ काढून ठेवाव्यात, असेही तो बजावतो. उरलेले सतरा भाग यातल्या कशात गेले की लिहूनच झाले नाहीत, कोणास ठाऊक. अवंतीसुंदरीचा तर एकही ग्रंथ हाती नाही. पण दोनशे वर्षांनी गुजरातेत हेमचंद्र देशी शब्दांचा कोश करायला बसला, तेव्हा काही शब्दांच्या अर्थापाशी त्याने अवंतीसुंदरी या नावाचा हवाला दिला. ती बहुधा हीच.